डॉ. मेरी वर्गीस : एका सेवाव्रती वैद्याचे चरित्र

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसांनी यंदाही केला. आजवर या पृष्ठांतून आम्ही ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे यथामती लिहिली आणि वाचकांनी ती गोड मानून घेतली. यंदा मात्र आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत, त्या बाई ना आपल्या ज्ञातीच्या, ना आपल्या प्रांताच्या, ना आपल्या धर्माच्या. मग त्यांचे चरित्र येथे कशासाठी, अशी शंका काही ज्ञातिबांधवांच्या मनात येईल. तिचे उत्तर लेखाच्या अखेरीस मिळेल. तोवर वाचकांनी धीर धरावा, एवढीच प्रार्थना.

आमचे गाव गिरड. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील हे गाव टेकडीवरील शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. त्या टेकडीवर गोलसर खडे विखुरलेले दिसतात. फकिराची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांच्या मालाचा दगड झाला, तेच हे खडे, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्राचे जाणकार त्यांना झिओलाइट जातीचे खनिज म्हणतात. या टेकडीवर हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस बोलावयास येतात. त्यांत कुबड्या घेऊन येणारे, मुलाच्या खांद्यावर बसून येणारे, हातांवर सरपटत पायऱ्या चढणारे लोक आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांचे अवयवच जणू दगड झाले आहेत, असे बालपणी आम्हांस वाटे. कोणाच्या श्रद्धेवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नवस बोलून टेकडी उतरल्यावर या माणसाने घरी जाऊन काय करावे, स्नान कसे करावे, शेतावर कसे जावे, चार पैसे कसे मिळवावेत, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. वैद्य म्हणत, आता आमच्या हाती काही नाही; आप्त म्हणत, नशिबाचे भोग आहेत. या दोन वाक्यांच्या मध्ये तो माणूस खाटेवर पडून राही.

या प्रश्नाचे उत्तर देणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. इंग्रजीत तिला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन म्हणतात. मराठीत भौतिक वैद्यक व पुनर्वसन असे म्हणता येईल. आपल्याकडे पुनर्वसन म्हटले की धरणात बुडालेले गाव डोळ्यांपुढे येते. ती उपमा येथेही चुकीची नाही. ज्याचे पाय गेले, ज्याचा अर्धा देह लकव्याने लुळा पडला, तो माणूस आपल्याच देहातून विस्थापित झालेला असतो. त्याला पुन्हा वसवावयाचे, हे या शाखेचे कार्य. भारतात या शाखेचे शिक्षण डॉक्टरांना मिळावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. मेरी वर्गीस यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आणि विशेष हे की, त्यांनी ही विद्या पुस्तकात वाचण्यापूर्वी स्वतःच्या देहावर भोगली होती.

मेरीबाईंचा जन्म १९२५ साली कोचीन संस्थानात एका सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, मुलींच्या शिक्षणास अटकाव नव्हता आणि घराण्यास समाजात मान होता. बुद्धी चांगली व मनात सेवेची ओढ, म्हणून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले आणि मद्रास इलाख्यातील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला.

या संस्थेची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन बाईंनी १९०० साली वेल्लोरला एका खाटेच्या दवाखान्याने तिचा आरंभ केला. स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नाहीत आणि बाळंतपणात मरतात, हे पाहून त्यांनी स्त्रियांनाच डॉक्टर करण्याचा निश्चय केला आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढे तिचे महाविद्यालय झाले आणि १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. शिकविणे, रुग्णसेवा आणि खेड्यात जाऊन काम करणे या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र चालत. आपल्या जिल्ह्यातील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली जे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले, त्याच्या मुळाशीही खेड्याची सेवा करणारा डॉक्टर घडविण्याचाच विचार होता. त्यामुळे अशा संस्थेचे वळण कसे असते, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मेरीबाई येथे शिकून डॉक्टर झाल्या. स्त्रीरोग व प्रसूती या विषयाकडे त्यांचा कल होता. पुढील आयुष्याचा मार्ग सरळ दिसत होता. परंतु विधिघटना निराळी होती.

१९५४ सालच्या जानेवारी महिन्यात तरुण डॉक्टरांची एक मंडळी सुट्टीच्या दिवशी मोटारीने सहलीस निघाली. मेरीबाई त्यांत होत्या. वाटेत मोटार रस्ता सोडून उलटली. मेरीबाईंच्या चेहऱ्यास मोठी जखम झाली आणि पाठीच्या कण्यास इजा होऊन आतील मज्जारज्जू दुखावला. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळून चुकले की, कमरेखालचा देह आपला राहिलेला नाही. पाय हलत नव्हते आणि पायांस स्पर्शही कळत नव्हता. चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला. वय अवघे २८ वर्षांचे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर. तो एकदा तुटला की आजही पूर्ववत जोडता येत नाही. त्या काळी तर अशा रुग्णांची स्थिती भयंकर असे. त्वचेस संवेदना नसल्याने एकाच कुशीवर पडून पडून खोल जखमा होत. लघवीवर ताबा नसल्याने मूत्रमार्गात पू होई, तो विकार मूत्रपिंडापर्यंत पोहोचे आणि पुष्कळसे रुग्ण थोड्याच काळात दगावत. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून अशा जखमी सैनिकांना नियमाने कुशीवर वळविणे, लघवीची व्यवस्था काटेकोर ठेवणे आणि लवकरात लवकर कामास लावणे हे उपाय सुरू केले, तेव्हा हे लोक जगू शकतात व मिळवतेही होऊ शकतात, असे जगास दिसून आले. परंतु आपल्या देशात हे ज्ञान तेव्हा फारसे पोहोचलेले नव्हते.

मेरीबाईंवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. काही महिने त्या खाटेस खिळून होत्या. डॉक्टर असल्यामुळे आपले काय झाले आहे, हे त्यांना इतर रुग्णांपेक्षा अधिक स्पष्ट कळत होते. ते ज्ञान सांत्वन करणारे नव्हते. आपण इतरांची सेवा करावयास निघालो आणि इतरांवर भार होऊन बसलो, ही वेदना त्यांना शरीराच्या वेदनेहून जड वाटली असल्यास नवल नाही.

या वेळी त्यांच्या आयुष्यात डॉ. पॉल ब्रँड यांनी नवी वाट उघडली. ब्रँड हे इंग्रज मिशनरी आईबापांच्या पोटी दक्षिण भारतातच जन्मलेले शस्त्रवैद्य. १९४६ साली ते वेल्लोरला आले होते. महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करणे, हे त्यांचे जगन्मान्य कार्य. आपल्या वर्धा जिल्ह्यास महारोग्यांच्या सेवेची परंपरा आहे. दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले आणि सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः महात्माजींनी केली. तरीही एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. औषधाने महारोगाचे जंतू मरतात, रोग जातो. परंतु मज्जातंतू नष्ट झाल्याने वाकलेली बोटे तशीच राहतात. हात पंजासारखा आकसलेला असतो, त्याने भाकरीचा घास उचलता येत नाही, आणि तो हात पाहून लोक दूर सरतात. म्हणजे रोग गेला तरी माणूस परत आला नाही. ब्रँड यांनी हातातील सशक्त स्नायूचा कंडरा काढून तो लुळ्या बोटास जोडण्याची पद्धत बसविली आणि असे कित्येक हात पुन्हा चालते केले.

हाताची ही शस्त्रक्रिया शस्त्रवैद्य बसून करतो. ब्रँड यांच्या ध्यानात आले की, मेरीबाईंचे पाय गेले असले तरी त्यांचे हात, डोळे व बुद्धी शाबूत आहेत; मग त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून हे काम का करू नये? त्यांनी तसे सुचविले. मेरीबाईंस प्रथम हे अशक्य वाटले असेल. परंतु त्यांनी मान्य केले. शस्त्रक्रियागृहात त्यांची खुर्ची ढकलीत नेण्यात येऊ लागली. आधी मदतनीस म्हणून आणि पुढे स्वतः त्या महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या.

याचा एक परिणाम असा झाला की, जो कोणी आधी योजिला नव्हता. ज्या रोग्यास सारे जग टाकून देते, तो आपल्यासमोर पाहतो तो आपल्याहूनही अधिक पंगू अशी एक डॉक्टरीण हसतमुखाने आपला हात दुरुस्त करीत आहे! त्या रोग्यांच्या मनास जो धीर आला, तो कोणत्याही औषधाने आला नसता. आणि मेरीबाईंस कळले ते असे की, पंगू माणसास उभे करण्याचे काम त्याच्या अवयवापुरते नसते, ते त्याच्या मनापासून त्याच्या चुलीपर्यंत जाते. आणि त्याचे रीतसर शास्त्र शिकल्यावाचून ते नीट साधणार नाही.

म्हणून त्या प्रथम स्वतःच्या उपचारासाठी ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी गेल्या. तेथील रुग्णालयात कण्याच्या दुखापतीचे रुग्ण स्वावलंबी करण्यात येत. स्वावलंबी होणे म्हणजे काय, हे आपण धडधाकट माणसे सहसा समजत नाही. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर कोणाच्या मदतीवाचून जाणे. वस्त्र स्वतः नेसणे. स्नान व शौच यांची स्वतः सोय करणे. संवेदना नसलेल्या त्वचेवर जखम झाली काय, हे रोज आरशात पाहणे. रात्री ठराविक वेळाने कूस बदलणे. सामान्य माणसाच्या नकळत घडणारी ही कामे त्याला एकेक करून, बाराखडी गिरवावी तशी, शिकावी लागतात. मेरीबाईंनी वयाच्या तिशीनंतर ही बाराखडी गिरविली.

त्यानंतर त्या अमेरिकेत न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत गेल्या. रस्क हे मूळचे साधे औषधोपचार करणारे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वायुसेनेच्या जखमी वैमानिकांची निगा राखताना त्यांना दिसले की, जखम भरून आल्यावरही हे तरुण नुसते पडून राहतात आणि मनाने खचतात. रोग होऊ न देणे ही वैद्यकाची पहिली पायरी, झालेला रोग बरा करणे ही दुसरी, आणि रोगातून वाचलेल्या माणसास पुन्हा आयुष्यात आणून सोडणे ही तिसरी, असा विचार त्यांनी मांडला आणि न्यूयॉर्क विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली. देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकावयास येत. मेरीबाई तेथे शिष्यवृत्तीवर राहिल्या आणि चाकांच्या खुर्चीतून फिरत त्यांनी या शाखेचे उच्च शिक्षण पुरे केले. परदेशात त्यांना सुखाने राहता आले असते. तेथे रस्ते गुळगुळीत होते, उद्वाहने होती, आणि पंगू माणसाकडे टकमक पाहण्याची रीत नव्हती. परंतु त्या स्वदेशी परतल्या.

वेल्लोरला परतल्यावर पुनर्वसन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी प्रथम एक गोष्ट ताडली. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की रुग्णास घरी पाठविण्यात येई. कारण रुग्णालयाच्या खाटा मोजक्या, आणि पुढे रांग लागलेली. परंतु कमरेखाली लुळ्या माणसास स्वावलंबी करण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. त्याला राहण्यास जागा हवी, आणि ती रुग्णालयासारखी नको, घरासारखी हवी. या विचारातून वेल्लोरजवळ बागायम येथे १९६६ साली पुनर्वसन संस्था सुरू झाली. रुग्णास ठेवून घेऊन पुनर्वसन करणारी अशी ही भारतातील पहिली संस्था मानली जाते.

येथे डॉक्टर कसे शिकतात, हे आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. कारण आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली आज वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. या विषयातील एम. डी. ही पदवी मिळविण्यास एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षे लागतात. विद्यार्थी प्रथम मोजावयास शिकतो. प्रत्येक स्नायूची शक्ती शून्यापासून पाचपर्यंत अंक देऊन लिहावयाची: मुळीच हालचाल नसेल तर शून्य, पूर्ण जोर असेल तर पाच. सांधा किती अंश वाकतो, हे कोनमापकाने पाहावयाचे. आमच्या शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाचाच तो थोरला भाऊ. मग त्या मापावरून ठरवावयाचे की, या रुग्णास कोणता व्यायाम द्यावा, पायास कॅलिपर बांधावा की कृत्रिम पाय बसवावा, कुबड्या द्याव्यात की चाकांची खुर्ची. सांध्यांतील ताठपणा, जखमा, लघवीची व्यवस्था, बोलणे, गिळणे, हे सारे त्याच्या अभ्यासात येते.

दुसरी गोष्ट तो शिकतो ती अशी की, हे काम एकट्या डॉक्टराचे नव्हे. व्यायामोपचार करणारा फिजिओथेरपिस्ट, हातांना दैनंदिन काम शिकविणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम अवयव घडविणारा कारागीर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, घरच्या परिस्थितीची चौकशी करणारा समाजसेवक, हे सारे एका बैठकीत बसून एकाच रुग्णाचा विचार करतात. अन्य शाखांत डॉक्टराचा शब्द अखेरचा; येथे सुताराचाही शब्द ऐकावा लागतो, कारण घराचा उंबरठा किती काढावा, हे त्यालाच कळते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, रुग्णाचे ध्येय त्याच्याच तोंडून ऐकणे. शेतकऱ्यास बंडीवर चढावयाचे असेल, शिंप्यास यंत्रापुढे बसावयाचे असेल, आईस मुलास मांडीवर घ्यावयाचे असेल. डॉक्टराने त्या ध्येयापासून मागे मोजीत यावे आणि उपचार ठरवावा. मेरीबाईंच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांस हा धडा निराळा द्यावा लागत नसेल. गुरूच खुर्चीत बसून वर्गात येत असता, पंगू माणूस म्हणजे केवळ उपचाराचा विषय, असे शिष्याने कसे समजावे? रुग्णही जेव्हा आता माझ्याने काही होणार नाही म्हणून मान टाकीत, तेव्हा त्यांच्यापुढे उपदेश करणारी बाई स्वतः त्यांच्यासारखीच बसलेली असे. तिच्याशी वाद कोण घालणार?

त्यांचे आयुष्य सुखाचे झाले, असे म्हणून आम्ही वाचकांस फसविणार नाही. त्यांनी विवाह केला नाही. देहाची दुखणी अखेरपर्यंत त्यांची पाठ सोडीत नव्हती. ज्या जखमांविषयी, ज्या विकारांविषयी त्या रुग्णांस जपावयास सांगत, त्यांच्याविषयी त्यांना स्वतःलाही दररोज जपावे लागे. यामुळे त्यांचे कार्य अधिक मोलाचे ठरते. भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. डोरोथी क्लार्क विल्सन या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले असून, त्यायोगे त्यांचे नाव देशोदेशी गेले. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले. मोटार उलटल्यानंतर त्या ३२ वर्षे जगल्या, आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्यांनी इतरांना जगविण्यात घालविली.

बागायमची संस्था आजही चालू आहे आणि वेल्लोरच्या महाविद्यालयात या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तेथून बरे होऊन गेलेले जुने रुग्ण मेळ्यासाठी पुन्हा जमतात, खेळतात, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, आणि डॉक्टरही त्या निमित्ताने त्यांची प्रकृती पाहून घेतात. आमच्या गिरडच्या टेकडीवर पंगू माणसे मागणे मागण्यासाठी जमतात. तेथे ती आपण काय मिळविले, हे सांगण्यासाठी जमतात.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य झाले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. मुंबईत फातिमाबाई इस्माईल यांच्या मुलीस पोलिओ झाला. त्या मातेने आपल्या मुलीपुरते न पाहता, १९४७ साली अशा सर्वच मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. पुढे १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. तेथेही डॉक्टर व अन्य उपचारक यांना या विषयाचे शिक्षण मिळते. पोलिओचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु त्यामुळे या शाखेचे काम संपले, असे कोणी मानू नये. मोटारसायकलींचे अपघात, झाडावरून व विहिरीत पडणे, रक्तदाबामुळे होणारा लकवा, मधुमेहामुळे कापावे लागणारे पाय. आपल्या ज्ञातीतील कोणत्या मोठ्या कुटुंबात यांपैकी एकही गोष्ट घडली नाही, हे वाचकांनीच सांगावे.

आता आरंभी केलेल्या शंकेचे उत्तर देतो. आणि ते देताना आम्हांस स्वतःचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नवे शिक्षक असताना, एका खेड्यातील शाळेत नेमणुकीस होतो. एक शेतमजूर आपल्या मुलास खांद्यावर घेऊन नाव घालण्यास आला. मुलाचे दोन्ही पाय पोलिओने वाळलेले. शाळेस पाच पायऱ्या होत्या आणि शौचास लांब जावे लागे. आम्ही त्या बापास समजावून सांगितले की, या मुलास येथे त्रास होईल, अन्य मुले चिडवतील, तेव्हा त्याला घरीच ठेवणे बरे. आमच्या मनात दुष्टावा नव्हता. आपण दयेचीच गोष्ट सांगत आहोत, असे आम्हांस वाटत होते. बापाने नमस्कार केला आणि मुलास घेऊन तो परत गेला. आज तो मुलगा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसून छत्र्या आणि कुलपे दुरुस्त करतो. त्याचे हात इतके कुशल आहेत की, पाहत राहावे. आम्ही दिसलो की तो आम्हांस गुरुजी म्हणून रामराम घालतो. आम्ही त्याला एक अक्षरही शिकविलेले नाही. मेरीबाईंचे चरित्र आमच्या वाचनात आले, ते आम्ही सेवानिवृत्त झाल्यानंतर; आणि वाचताना ब्रँड यांच्या ध्यानात जे आले ते आमच्या ध्यानात का आले नाही, हा प्रश्न आम्हांस राहून राहून पडला. त्यांनी गेलेले पाय सोडून राहिलेले हात पाहिले. आम्ही पाय पाहिले आणि पायऱ्या मोजल्या.

ज्ञातिबांधवहो आणि भगिनींनो, आपल्या घरांतूनही असे होते. वधूवर सूचक मेळाव्यात एखाद्या घरची माणसे मोजताना एक नाव गाळले जाते, हे आपण सर्व जाणतो. धाकट्या बहिणीचे लग्न जमावे म्हणून पंगू भावास पाहुण्यांपुढे येऊ देत नाहीत. दोष आईबापांचा नाही. दोष आपल्या सर्वांच्या नजरेचा आहे. जी नजर वेल्लोरच्या एका बाईने डॉक्टरांना दिली, ती आपल्या ज्ञातीस मिळावी, म्हणून आम्ही परज्ञातीच्या, परप्रांताच्या या साध्वीचे चरित्र आपल्या स्मरणिकेत लिहिले. सद्गुणास ज्ञात नसते, आणि अपघातासही नसते.

मंडळाच्या कार्यकारिणीस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, मंडळातर्फे उच्च शिक्षणासाठी जी मदत दिली जाते, तिच्यात या शाखेत शिकू इच्छिणाऱ्या डॉक्टर मुलामुलींचा आवर्जून विचार व्हावा. हृदयाचा किंवा हाडांचा डॉक्टर होण्यातच प्रतिष्ठा आहे, ही समजूत सोडावी. दुसरी, ज्ञातीच्या कुटुंबांची यादी करताना प्रत्येक घरातील अपंग व्यक्तीचे नाव, वय व शिक्षण संकोच न करता लिहावे. म्हणजे सरकारी दाखला, साधने व सवलती त्यांच्यापर्यंत पोहोचविता येतील. अपंगांच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता देतो. पण ज्याचे नाव कोठे लिहिलेच नाही, त्याला कायदा कसा शोधणार?

तिसरी सूचना लहान आहे. आपल्या मंडळाच्या सभागृहास नऊ पायऱ्या आहेत. गेल्या वार्षिक सभेच्या दिवशी आम्ही मुद्दाम मोजल्या. त्यांच्या एका बाजूस सिमेंटचा उतार व धरण्यास कठडा व्हावा. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून अल्पशी रक्कम आम्ही खजिनदारांच्या स्वाधीन केली आहे. उरलेली ज्ञातिबांधवांनी पुरी करावी. पुढील वार्षिक सभेस एका गृहस्थास आमच्याबरोबर आणण्याचा आमचा विचार आहे. तो आपल्या ज्ञातीचा नाही. त्याला खांद्यावर बसवून आणावे लागू नये, एवढीच विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.